चिकटलेलं पान

मी वेंगुर्ल्याची. आई मासळी बाजारात बसायची, वडील होडीवर जायचे, आणि मी घरातली पहिली सरकारी नोकरी. लिपिक म्हणून लागल्यावर नऊ वर्षांनी माझी बदली एका बांधकाम उपविभागाच्या कार्यालयात झाली. कौलारू इमारत, पुढे दोन माड, आत पाच टेबलं. माझ्या टेबलासमोरच्या टेबलावर जे गृहस्थ बसत त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. वय सत्तावन्न, निवृत्तीला वर्षभर अवकाश. करारनाम्यांची नोंदवही त्यांच्या ताब्यात होती, तीही त्यांच्या नोकरीच्या बहुतेक सगळ्या काळात.

तालुक्यात कुठे रस्ता झाला, रस्त्याखालची मोरी झाली, शाळेची खोली झाली, ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, झाला, तर त्या कामाचा ठेकेदाराशी करार होतो. त्या कराराची एक ओळ या वहीत. कामाचं नाव, गाव, वाडी, काम कुणाला दिलं, कधी सुरू झालं, कधी संपलं, आणि संपल्यावर किती वर्षं ठेकेदार त्या कामाला बांधील. या शेवटच्या मुदतीत काम खचलं, तडकलं, तर ठेकेदाराने स्वतः येऊन दुरुस्त करायचं. मुदत संपली की तो मोकळा.

मी रुजू झाले त्याच महिन्यात जिल्ह्याहून आदेश आला. सगळे करार संगणकावर घ्यायचे आणि दर महिन्याला मुदतीत असलेल्या कामांचा अहवाल पाठवायचा. साहेब घाटावरचे, कमी बोलणारे. त्यांनी मला आणि भाऊंना बोलावलं.

"मॅडम, तुम्ही टाईप करा. भाऊ वाचतील. एक वाचणार, एक भरणार. आणि मॅडम, रोजची पानं संध्याकाळी वहीशी ताडून बघायची आणि तपासले म्हणून सही करायची."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसलो. भाऊंच्या पुढ्यात वही, माझ्या पुढ्यात संगणक, मध्ये दोन टेबलं जोडलेली. भाऊ ओळीवर बोट ठेवायचे आणि सावकाश, स्वच्छ, कार्यालयीन मराठीत वाचायचे. एक शब्द अडखळायचा नाही. दोन ओळींच्या मध्ये मात्र त्यांची भाषा बदलायची. "ह्या शाळेच्या खोलीक तीन वेळा कौलां घातली, माकडा ठेवतत खंय?" असं काहीतरी पुटपुटायचे आणि लगेच पुढची ओळ.

मला ते वाचन आवडायला लागलं. खारेपाटणपासून खाली नांदगावपर्यंतच्या वाड्यांची नावं मी त्यांच्या तोंडून शिकले. संगणकातल्या यादीत गावं होती, वाड्या नव्हत्या. भाऊ स्वतःशीच पुटपुटायचे, "वाडी लिव्हल्याशिवाय काम खंय झाला ता देवाक पण कळाचा नाय." मग मी कामाच्या नावातच वाडी घालायला लागले.

पहिले आठ दिवस मी संध्याकाळी खरंच ताडून बघत होते. एक चूक सापडली नाही. नवव्या दिवशी मी वरवर पाहिलं. त्यानंतर बघणं सोडलं आणि सही मात्र रोज करत राहिले. भाऊंनी वाचलंय म्हणजे बरोबरच असणार, असं मला वाटायचं. आळसाला मी आदराचं नाव दिलं होतं, हे आता कबूल करते.

काही गोष्टी मला दिसत होत्या. भाऊ दारातून आलेल्या माणसाकडे बघून हसायचे, पण नाव घ्यायचे तो बोलल्यावरच. आलेलं पत्र माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "मॅडम, जरा मोठ्याने वाचा, सगळ्यांनाच कळेल." सही करताना डाव्या हाताचा अंगठा कागदावर टेकवायचे आणि त्याच्या कडेने सही ओढायचे. मला वाटायचं, लकब असेल. जुन्या माणसांच्या असतात.

गणपती झाल्यावर आमचं काम संपलं. पहिला अहवाल निघाला तेव्हा साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे काढायला पूर्वी आठवडा जायचा." भाऊंनी मान हलवली. मला इतका आनंद झाला की मी घरी जाताना मुलांसाठी खाजा घेऊन गेले.

त्याच आठवड्यात एक बाई कार्यालयात आल्या. आतल्या एका गावातल्या अंगणवाडीच्या सेविका. चाळिशीच्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत अर्जांच्या प्रती. त्यांच्या वाडीच्या ओढ्यावर साकव होता. पावसात त्याच्या एका टोकाचा भराव वाहून गेला होता आणि कठडा लोंबत होता. मुलं पलीकडच्या वाडीतून अंगणवाडीत यायची. दोन महिने त्या एकेका मुलाला कडेवर घेऊन तो खड्डा ओलांडत होत्या.

साहेबांनी मला साकव शोधायला सांगितला. मी नाव टाकलं, क्षणात ओळ समोर आली. ठेकेदाराची मुदत मे महिन्यात संपली होती. भराव गेला जुलैत.

"साकव मे महिन्यात पुरा झाला होता, त्यामुळे या मे महिन्यात मुदत संपलेली आहे," साहेब म्हणाले. "आता ठेकेदाराला सांगता येणार नाही. नवीन काम म्हणून प्रस्ताव करावा लागेल. त्याला वेळ लागतो."

"किती?"

"पुढचा पावसाळा धरून चाला."

त्या बाई म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? मे महिन्यात साकव झाला असं कुठे लिहिलंय? पावसाच्या आधी नुसते खांब झाले होते. माझी धाकटी श्रावणातली. तिच्या बारशाला माझी आई गुडघाभर पाण्यातून आली. साकव पुरा झाला तो मार्गशीर्षात."

साहेब म्हणाले, "आमच्या नोंदीत मे आहे." त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. बाईंनी पिशवीची गाठ मारली आणि त्या निघून गेल्या.

भाऊ त्या दिवशी रजेवर होते. मला चैन पडेना. आई म्हणायची, बाजारात खोटं बोलणारा माणूस घरातल्या बारशाची साक्ष काढत नाही. मी कपाटातून वही काढली आणि ते पान शोधायला लागले. क्रमांक सापडेना. पस्तिसावं पान होतं, त्यानंतर थेट अडतिसावं. मग बोटांना लागलं की मधलं पान जाड आहे. आमच्याकडच्या दमट हवेत कागद एकमेकांना धरून बसतात. दोन पानं कडेपासून कडेपर्यंत चिकटली होती. मी पट्टी घालून ती हळूहळू सोडवली. टर्र असा बारीक आवाज होत होता. आत भाऊंचं अक्षर आणि साकवाची ओळ. मे महिन्याची तारीख लाल शाईने खोडलेली, खाली वेगळ्या अक्षरात काम पुरं करायला मिळालेली मुदतवाढ लिहिलेली, आणि काम संपल्याची तारीख डिसेंबरची. बाई बरोबर होत्या. ठेकेदाराची मुदत संपायला अजून दोन महिने होते.

मला आधी फक्त सुटल्यासारखं झालं. मग लक्षात आलं. ही पानं चिकटलेली होती. बऱ्याच दिवसांपासून. मी ती आता सोडवली. मग दोन महिन्यांपूर्वी भाऊंनी मला या पानांवरच्या बारा ओळी कशा वाचून दाखवल्या?

मी खुर्चीत बसून राहिले. ओळीवरचं बोट, दारातल्या माणसाचं नाव बोलल्यावरच घेणं, सहीचा अंगठा. एकेक गोष्ट आपल्या जागी जाऊन बसली. भाऊ वाचत नव्हतेच. त्यांना वही पाठ होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले. भाऊंनी डबा उघडला. मी माझी खुर्ची त्यांच्या टेबलाशी नेली आणि म्हटलं, "भाऊ, छत्तीस आणि सदतीस नंबरची पानं चिकटलेली होती."

त्यांचा हात भाकरीवर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी.

"तीन वर्सां होत इली," ते म्हणाले. कार्यालयात ते माझ्याशी पहिल्यांदाच मालवणीत बोलत होते. "बाजूचा सगळा दिसता. मदी एक काळो ठिपको आसा. तुझ्या तोंडाकडे बघलंय तर तुझे कान दिसतत, तोंड दिसणा नाय. तू कशी आसस ता माका अजून म्हायती नाय, बाय."

मॅडमची बाय झाले होते.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाय."

"का?"

"दाखवला असता तर सांगूचा लागला असता." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "आणि सांगल्यार लोक मोठ्यान बोलूक लागतत. डोळे गेलेल्या माणसाक लोक बहिरो समजतत. माझ्या बापाशीचा तसाच झाला. घरातले सगळे त्याच्यावर वरडायचे, आणि त्याका ऐकाक चांगला येय."

मी हसले असते एरवी. पण मला त्या बाई आठवत होत्या. मी भाऊंना साकवाची सगळी हकिकत सांगितली. मुदतवाढीची लाल ओळ सांगितली. बोलता बोलता उलगडलं: त्या वर्षी पावसाने कामं रखडली होती, मुदतवाढी एकदम आल्या, आणि तेव्हाच्या दुसऱ्या एका लिपिकाने त्या परस्पर वहीत लिहिल्या होत्या. एरवी नव्या ओळी भाऊ दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून लिहून घेत, या त्यांच्यापर्यंत कधी पोचल्याच नव्हत्या. पाठ होतं ते जुनं होतं.

"आणि साहेबांनी त्या बाईंना परत पाठवलं," मी म्हटलं.

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मुद्दाम नाय केलंय गो," एवढंच म्हणाले, आणि उठले. टेबलाच्या कडेला हात लावत, मग भिंतीला, मग साहेबांच्या दाराला. मी मागे गेले.

भाऊंनी साहेबांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शुद्ध मराठीत, वही वाचत तसं. "माझी दृष्टी अधू झाली आहे. मी ते कार्यालयापासून लपवलं. नोंदी स्मरणाने सांगितल्या. त्यात चुका आहेत. एका गावाचं त्यामुळे नुकसान होत आहे." ते थांबले तेव्हा मी म्हटलं, "साहेब, तपासले म्हणून रोजची सही माझी आहे. मी तपासलं नव्हतं."

मला वाटलं, साहेब आता आमच्यावर कारवाईचा कागद काढतील. त्यांनी खुर्ची पुढे ढकलली. "भाऊ, बसा." मग मला म्हणाले, "आधी त्या ठेकेदाराला पत्र करा. आज गेलं पाहिजे. अंगणवाडीच्या बाईंचा नंबर अर्जावर असेल, त्यांना मीच फोन करतो."

त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला. "आमच्या नोंदीत चूक होती, तुमचं बरोबर होतं," असं एका अधिकाऱ्याला फोनवर म्हणताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

फोन ठेवून ते म्हणाले, "सगळ्या नोंदी पुन्हा तपासायच्या. पहिल्यापासून. या वेळी मॅडम वाचतील आणि भाऊ ऐकतील. जिथे वही आणि भाऊ जुळणार नाहीत, तिथे मूळ फाईल काढायची. डोळ्यांचं काय ते डॉक्टरांना दाखवा. रजेचा अर्ज मॅडम लिहून देतील." आणि भाऊ दारापर्यंत गेल्यावर, अगदी नेहमीच्या आवाजात, "भाऊ, हे मला आधी सांगायला हवं होतंत." ओरडून बोलले नाहीत. मला त्याचंच बरं वाटलं.

तो हिवाळा मी वाचत होते. भाऊ डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच हात वर करायचे. अकरा ठिकाणी वही बरोबर होती आणि भाऊ चुकले होते. पण सहा ठिकाणी भाऊ बरोबर आणि वही चूक निघाली. एका कामापुढे नुसतं नांदगाव लिहिलेलं होतं. भाऊ म्हणाले, "स्टेशनवाला न्हय. ह्या दुसरा." फाईल काढली, तर खरंच दुसऱ्याच तालुक्यातलं काम आमच्या वहीत येऊन बसलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे, तो परत येणार नाही, कडेचा राहील. भाऊंना घेऊन त्यांची बायको गोव्यालाही जाऊन आली. तिथेही तेच सांगितलं. परतल्यावर मी त्यांच्या घरी गेले होते. अंगणात सुपाऱ्या वाळत होत्या. भाऊ आत कपडे बदलत होते, तेव्हा त्या मला हळूच म्हणाल्या, "ह्यांका वाटता माका कळूक नाय. चाय ओततना कप खंय आसा ता बोटान बघतत. तीन वर्सां बघतंय मी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ते लपवी होते ना. मग मी पण लपवलंय." त्यांनी सुपातल्या सुपाऱ्या वरखाली केल्या. "आता दोघांका बरा झाला."

जानेवारीतली गोष्ट. मी अहवाल करत होते आणि चुकून माझ्या हातून पडद्यावरची अक्षरं भलतीच मोठी झाली. एक शब्द अख्खा पडदा व्यापून बसला. भाऊ बाजूला उभे होते. ते पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे, काहीच नसलेल्या जागेकडे, बघत होते.

"थांब," ते म्हणाले. "हलवू नको. सा." मग बऱ्याच वेळाने, "क. व." मान किंचित तिरकी केली. "साकव. साकव आसा ना?"

"हो."

ते खुर्ची ओढून बसले. मी एक शब्द पुढे सरकवला. त्यांनी तोही वाचला, तसाच, कोपऱ्याकडे बघत, डोळ्याच्या उरलेल्या भागाने. त्या दुपारी आम्ही एक ओळ वाचली. पाऊण तास लागला. नंतर मी त्यांच्यासाठी दुसऱ्या एका जुन्या संगणकावर अक्षरं तेवढी मोठी करून दिली आणि ते रोज जेवणानंतर एकदोन ओळी वाचायचे. कधी कधी मला हाक मारायचे. "बाय, हयसर वेलांटी चुकली आसा." बहुतेक वेळा खरंच चुकलेली असायची.

साकव दुरुस्त झाला. ठेकेदाराने मुदत संपायच्या दहा दिवस आधी भराव पुरा केला होता, कठडाही नवा बसवला होता. मार्चमध्ये साहेब पाहणीला निघाले आणि भाऊंना म्हणाले, "चला." भाऊंना वाटलं थट्टा करतायत. जीपमध्ये बसल्यावर ते मला म्हणाले, "इतक्या वर्सांत मी एकपण काम बघूक नाय गो. नावां सगळी म्हायती आसत."

त्या अंगणवाडीच्या बाई पलीकडच्या टोकाला उभ्या होत्या. भाऊंनी कठड्यावर हात ठेवला आणि चालायला लागले. मी बाजूने चालत होते, हात न धरता. अर्ध्यावर ते थांबले, खाली वाकले, पाण्याचा आवाज ऐकला.

"लांबी किती मोजलीस?"

"मी नाही मोजली. वहीत आहे ना."

"वहीत आसा ता म्हायती आसा," ते म्हणाले. "एकोणीस पावलां झाली. अजून तेवढीच होतली." पलीकडे पोचले तेव्हा अडतीस झाली होती. त्यांनी ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी गंभीरपणे मान हलवून पाहणीच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मी डोकावून पाहिलं. त्यांनी खरंच लिहिलं होतं: पावलांनी मोजून खात्री केली.

भाऊंनी आपण कोण ते त्या बाईंना सांगितलं आणि माफी मागितली. त्या गोंधळल्या. "होता तसा कधी कधी," म्हणाल्या, आणि आम्हाला घरी नेऊन शहाळी दिली. त्यांची धाकटी, श्रावणातली, भाऊंच्या समोर येऊन बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. "हे माझ्याकडे बघत का नाहीत?" तिने विचारलं. आई तिला गप्प करायला गेली. भाऊ म्हणाले, "बघतंय गो. तुझ्या कानात फुलां आसत, पिवळी." मुलीने कानाला हात लावून बघितलं आणि तिचं समाधान झालं.

भाऊ मे महिन्यात निवृत्त झाले. आता ते काजूच्या बागेत असतात आणि फोनवर मोठ्या अक्षरात निरोप वाचतात. दुसऱ्या वर्षी माझी बदली झाली, पुन्हा वेंगुर्ल्याकडे. नव्या कार्यालयात तोच संगणक, तीच मुदतीची यादी. यादीत ज्या कामांची मुदत दोन महिन्यांत संपते आहे, त्या प्रत्येक वाडीत मी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक फोन करते. सरपंच, शाळेचे गुरुजी, दुकानदार, जे कोणी मिळेल ते. काही खचलंय का, तडा गेलाय का, विचारते. हे काम माझ्याकडे कुणी दिलेलं नाही.

सरकारी कार्यालयातून स्वतःहून फोन आला की लोक घाबरतात. परवा एका वाडीत एका म्हाताऱ्या बाईंनी फोन उचलला. मी मोरीबद्दल विचारलं. त्यांनी मला थांबवलं, चपला घालून मोरीपर्यंत चालत गेल्या, मी फोन धरून वाट बघत राहिले. परत येऊन धापा टाकत म्हणाल्या, "सगळा बरा आसा. तू जेवलस काय गो?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"मगे जेव आधी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.